नूरभाऊंची टाकी

विमान गोपालचं होतं आणि टाकी नूरभाऊंची. पोंभुर्ण्यात कुणीही विचारलं तरी नूरभाऊ हे असंच सांगत. पंख, चाकं, इंजिन हे सगळं ते एका दमात उरकत. मग टाकीवर येत आणि तिथं थांबत.

"पेट्रोल नाई तं विमान काय होय? मोठा पतंग," ते म्हणत.

मी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान चालवतो. मराठी घेऊन एम.ए. केलं, म्हणून नूरभाऊ मला एमे म्हणतात. ते माझ्या वडिलांच्या वयाचे असतील. गिऱ्हाईक नसलं की मी त्यांच्या बाकावर जाऊन बसतो. ते बोलतात, मी ऐकतो. आमची दोस्ती एवढीच.

'नूर मोहम्मद टाकीवाले.' पाटीवर एवढंच लिहिलं आहे. मोटारसायकलची टाकी, ट्रॅक्टरची टाकी, फवारणीचा पंप, जीपचा रेडिएटर. जे गळतं ते त्यांच्याकडे येतं. त्यांचे आजोबा लाखेच्या बांगड्या करायचे. पळसाच्या आणि कुसुमच्या फांद्यांवर लाख धरते. बायका ती खरवडून धानोऱ्याच्या बाजारात आणत. आजोबा तिथून घेत. पुढे काचेच्या बांगड्या आल्या आणि लाखेचं गिऱ्हाईक गेलं. घरात लाख पडून राहिली. त्याच सुमारास इकडे मोटारसायकली वाढू लागल्या. नूरभाऊंच्या वडिलांनी एका गळक्या टाकीचा सांधा कथलाने झाळला आणि आतून-बाहेरून ती लाख तापवून बसवली. टाकी पुन्हा गळली नाही. पेट्रोलात लाख विरघळत नाही, हे असं घराला कळलं. मग घराचा धंदाच तो झाला.

"कथील सगळेच लावतात," नूरभाऊ म्हणत. "लाख आमचीच."

त्यांची तपासायची रीतही घरचीच. टाकी तयार झाली की तिला आधी पाणी दाखवायचं, मग घासलेट. रेशनचं घासलेट बंद झालं तेव्हापासून डिझेल. पेट्रोल मात्र कधीच नाही. नूरभाऊ लहान असताना वडिलांच्या हातात एक टाकी भडकली होती. आत पेट्रोल नव्हतं, नुसती वाफ होती. वडिलांच्या भुवया पुन्हा उगवल्या नाहीत. तेव्हापासून दुकानात पेट्रोल आणायचं नाही, हा नियम.

गोपाल त्यांचा शाळेतला दोस्त. जवळच्याच गावात धान पिकवतो आणि राइस मिलची यंत्रं दुरुस्त करतो. विमान करावं असं त्याला का वाटलं, ते त्याने कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, "होऊन राह्यलं ना? मंग होऊ दे." गुणवंतरावांची मिल बंद पडली होती. तिच्या शेडमध्ये त्याने सांगाडा उभा केला, जुन्या मोटारीचं इंजिन बसवलं, पंखांवर कापड ताणलं. उडवायच्या परवानगीचे कागद दिल्लीला गेले होते. ते येईपर्यंत जमिनीवर जेवढं पाहता येईल तेवढं पाहून घ्यायचं होतं.

टाकीची जागा दोन्ही पंखांच्या मधोमध होती. म्हणजे गोपालच्या डोक्यावर. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली इंजिनात उतरणार होतं. पंप नव्हता. टाकी गळली तर पेट्रोल गोपालच्या अंगावर, आणि नीट वाहिली नाही तर इंजिन बंद. नूरभाऊंनी ती टाकी करायला अख्खा पावसाळा घेतला. इतर कामं मागे पडली. ती दुकानात छताला टांगलेली असायची. कुणी हात लावला की ते ओरडत.

मग रंजीता आली.

रंजीता गोपालची भाची. चंद्रपूरला पॉलिटेक्निक केलं. नागपूरला विमानाचे भाग करणाऱ्या एका कारखान्यात वेल्डिंग करत होती. ती नोकरी सोडली होती, दुसरी लागायची होती. मधले दिवस काढायला ती मामाकडे आली. मळणी नुकतीच संपली होती.

तिने टाकी पहिल्यांदा पाहिली तेव्हा शेडमध्ये नूरभाऊ होते आणि मी होतो. टाकी नुकतीच विमानावर चढली होती.

"मामा, ही कोणी केली?"

"नूरनं."

"छान आहे."

नूरभाऊ हसले. ती शिडीवर चढली आणि सांध्याजवळ डोकं नेऊन पाहू लागली.

"चाचा, हे लाल काय लावलं?"

"लाख."

"कोणती लाख?"

"झाडावरची. दुसरी कोणती असते?"

"पेट्रोल टाकून पाह्यलं?"

"डिझेल टाकून पाह्यलं."

"मामा, विमान डिझेलवर चालणार आहे का?"

गोपाल हसला. तिचं बोलणं नूरभाऊंनी सोडून दिलं असतं. गोपालचं हसणं त्यांना लागलं.

हसू आवरून गोपाल म्हणाला, "रंजीतानं एक टाकी आणली नागपूरवरून. तिनंच केली. असू दे म्हटलं, जास्तीची."

"जास्तीची," नूरभाऊ म्हणाले.

ती टाकी दुलईत गुंडाळलेली होती. गोपालने दुलई उलगडली. अॅल्युमिनियम. सांध्यांवर माशाच्या खवल्यांसारखी एकाला एक लागून वेल्डिंगची रेघ. नूरभाऊंनी ती खूप वेळ पाहिली. मग म्हणाले, "चमकते."

परतताना मी त्यांच्या गाडीवर मागे बसलो होतो. 

"पाह्यलं का तू?" ते एकदम म्हणाले. "तिले कपात चहा देल्ला गोप्यानं. मले इतकी वर्षं गिलासात."

"ती पाहुणी आहे, नूरभाऊ."

"पाहुणी टाकी घेऊन येते का बे?"

दुसऱ्या दिवशी मलिकाभाभी डबा घेऊन दुकानात आल्या. नूरभाऊ मागे पत्रा कापत होते. भाभींनी मला विचारलं, पण मोठ्याने, मागे ऐकू जाईल असं.

"काऊन रे एमे, गोपालभाऊनं तुह्या दोस्तावर सवत आणली म्हणते?"

मागे कात्री थांबली.

"कूस बदलू बदलू जीव खाल्ला माहा. लग्नाच्या वेळी माह्यासाठी तं असे जागले नाई."

"डबा ठेव अन् जा," आतून आवाज आला.

"भाजी सवतीनं नाई केली. मी केली. खाजो."

त्याच दुपारी जंगू मोटारसायकल ढकलत आला. धान्याच्या पोत्यांची ने-आण करतो तो. त्याची टाकी नूरभाऊंनीच बांधलेली.

"नूरभाऊ, गाडी पुन्हा झटके देऊन राह्यली."

"कार्बोरेटर साफ कर."

"परवाच केला."

"मंग नीट नाई केला."

"चिकट चिकट काही तरी निंघते त्यातून. टाकीतून तं..."

"माही टाकी गळते का?"

"गळत नाई हो. गळते म्हणून कुठी राह्यलो मी?"

"मंग इथी काऊन आला?"

जंगू गाडी ढकलत गेला. त्या वर्षात अशी गिऱ्हाईकं बरीच येत होती. नूरभाऊ सगळ्यांना कार्बोरेटरच सांगत.

पहिली चाचणी डिझेलवर झाली. मिलसमोर सिमेंटचं मोठं खळं आहे. त्याच्या कडेला मातीत एक खड्डा खणला आणि विमानाचं मागचं चाक त्यात उतरवलं. त्यामुळे नाक वर राहिलं, जसं वर चढताना राहील तसं. त्या अवस्थेत पेट्रोल पुरेसं उतरतं का, हे पाहायचं असतं. पुरेसं म्हणजे किती, ते रंजीताने सांगितलं. इंजिन पूर्ण जोरात जेवढं पिईल तेवढं, आणि वर त्याच्या निम्मं. इंजिनाला जाणारी नळी सोडून तिचं तोंड एका डब्यात धरलं. बाजूला वाळूच्या बादल्या ठेवल्या.

नूरभाऊंनी स्वतः कॉक उघडला. डिझेल धारेने आलं. रंजीता मोबाइलवर वेळ पाहत होती. वेळेच्या आधीच डबा भरला.

"डिझेल जाड असते," नूरभाऊ म्हणाले. "पेट्रोल तं याच्यापेक्षा पळन." ते रंजीताकडे पाहत नव्हते. गोपालकडे पाहत होते.

"मी काय म्हणत होतो?" गोपालने त्यांच्या पाठीवर थाप मारली.

नूरभाऊंचा चेहरा इतका उजळला की मला कुठे तरी दुसरीकडे पाहावंसं वाटलं.

"छान वाहते, चाचा," रंजीता म्हणाली. "आता पंपावरचं पेट्रोल भरून पुढच्या बाजारापर्यंत तसंच ठेवू."

"काऊन?"

"आता पेट्रोलात इथेनॉल मिसळतात ना. कारखान्यात नवीन काही लावलं की आम्ही त्यात भिजत ठेवून पाहत होतो. रबर फुगते, काही गोंद सुटतात. लाखेचं काय होते ते मले माहीत नाई."

"माहीत नाई तं बोलून काऊन राह्यली?"

"माहीत नाई म्हणूनच."

"ठेवू ना, नूर," गोपाल म्हणाला. "आपलं काय जाते?"

नूरभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचं काय जात होतं ते गोपालला दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

"ठेवा," ते म्हणाले. "पण शेडले कुलूप माहं. किल्ली माह्यापाशी. बाजाराच्या दिवसापर्यंत टाकीले कोणाचाच हात लागाचा नाई."

रंजीता समजली. तिचा चेहरा उतरला. "चालते, चाचा," ती म्हणाली.

"तुले माह्या भाचीवर भरोसा नाई का बे?" गोपालने विचारलं.

"माह्या कुलपावर आहे."

तो आठवडा मला आठवतो. रोज दुकान बंद करून नूरभाऊ शेडकडे जात. मला सोबत नेत. कुलूप ओढून पाहत. मग पत्र्याच्या फटीला डोळा लावत.

"वाकडी दिसून राह्यली का रे?"

मी पाहत असे. "नाही."

"अॅल्युमिनियमची कुठी ठेवली त्यानं?"

"घरी असेल."

"घरात ठेवली." ते पुन्हा फटीला डोळा लावत. "गोप्या अन् ती आज मूल गावाले गेले होते. नळी आणाले. नळी मी आणली असती. मले म्हणाले का? नाई म्हणाले."

"तुम्ही तिच्याशी बोलत नाही. मग ते तुम्हाला कसं म्हणतील?"

"तुले नाई समजत, एमे."

मला खरंच समजत नव्हतं. मत्सराबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. परीक्षेत त्यावर उत्तरंही लिहिली होती. पुस्तकांत बाई असते, गादी असते, जमीन असते. एका पत्र्याच्या टाकीसाठी माणूस अन्न टाकतो हे मी कुठे वाचलं नव्हतं. आणि फटीला डोळा लावून उभ्या असलेल्या त्या माणसाचा मला हेवाही वाटला. एवढं जळावं असं माझं काही नव्हतं.

बाजाराचा दिवस आला. नूरभाऊ पांढरा सदरा घालून आले, जसे ईदला येतात. त्यांनी कुलूप सगळ्यांना दाखवलं. "पाहून घ्या. जसं लावलं तसंच आहे." मग उघडलं.

शेडमध्ये पेट्रोलचा वास नव्हता. टाकीखालची जमीन कोरडी होती.

"एक थेंब दाखवा," नूरभाऊ म्हणाले. "कोणीही दाखवा."

कुणी दाखवला नाही. विमान खळ्यावर ढकललं. मागचं चाक खड्ड्यात उतरवलं. नळी डब्यात धरली. नूरभाऊंनी कॉक उघडला.

धार आली. जाड, सरळ धार. नूरभाऊ मान वर करून रंजीताकडे पाहू लागले. त्यामुळे धार बारीक होताना त्यांना दिसली नाही. आम्हाला दिसली. ती दोऱ्याएवढी झाली. मग तुटली. मग थेंब पडू लागले.

"झाकण पाहा," नूरभाऊ म्हणाले. "हवा अडली असन."

गोपालने झाकण काढलं. थेंबच पडत राहिले.

रंजीताने कॉक बंद केला. नळीच्या मध्ये एक गाळणी होती, ती सोडवली आणि तळहातावर उपडी केली. तिच्या जाळीत तांबूस चिकट लगदा होता. गुळाच्या पाकासारखा.



"हे माहं नोहे," नूरभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "हे कोणी तरी टाकलं. टाकीत कोणी तरी..."

ते रंजीताकडे वळले आणि तिथंच थांबले. किल्ली त्यांच्याच मुठीत होती. तिचा दोरा बोटांतून खाली लोंबत होता. आम्ही सगळे त्या दोऱ्याकडे पाहत होतो. नंतर त्यांनीही पाहिलं.

त्यांनी तो लगदा चिमटीत घेतला. चोळला. वास घेतला. पुन्हा घेतला. मग ते खळ्यावर खाली बसले, पांढऱ्या सदऱ्यासकट.

"हे तं पॉलिश होय," ते म्हणाले.

"कायचं पॉलिश?" गोपालने विचारलं.

"सुताराचं. लाख स्पिरिटात भिजवली का पॉलिश होते. दारं-खिडक्यांले मारतात. पोरगा होतो तेव्हा मीच घोटून देत होतो सुतारांले." त्यांनी रंजीताकडे पाहिलं. "ते तू काय म्हणत होती, पेट्रोलात मिसळतात म्हून? ते स्पिरिट होय का?"

"हो, चाचा. दारूचाच अर्क तो. पाचवा हिस्सा असते."

"पाचवा हिस्सा दारू? पेट्रोलात?"

"तांदळापासूनही करतात."

"पाह्य बे," गोपाल म्हणाला. "तिकडं गडचिरोलीत दारूबंदी, अन् पंपावर नळीनं पाजून राह्यले." तो एकटाच हसला. मग त्याने वर टाकीकडे पाहिलं. ती त्याच्या डोक्यावर राहणार होती. इंजिन कुठल्या उंचीवर बंद पडलं असतं याचा तो विचार करत असावा.

"लाख पेट्रोलात विरत नाई," नूरभाऊ म्हणाले. ते कुणाशी बोलत होते कळत नव्हतं. "अन् स्पिरिटात विरते. मले दोन्ही माहीत होतं."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "येगयेगळं माहीत होतं."

टाकी त्यांनी स्वतः उतरवली. गोपाल मदतीला आला तर त्याचा हात बाजूला केला.  रंजीताने बोल्ट एका वाटीत गोळा करून त्यांच्याजवळ ठेवले. टाकी मांडीवर घेऊन मी गाडीवर मागे बसलो. 

त्यांचं दुकान काही दिवस बंद राहिलं. उघडलं तेव्हा ते मला म्हणाले, "एमे, जंगूले बोलव."

जंगू आला. "आता काय? म्या कार्बोरेटर केला साफ."

"गाडी ठेवून जा. टाकी मी खोलतो."

"तुम्ही तं म्हणत होते..."

"म्हणत होतो. आता नाई म्हणत."

जंगूपासून बाकीच्यांना कळलं. दुकानासमोर मोटारसायकली लागल्या. नूरभाऊ एकेक टाकी सोडवत, सांध्यावरची लाख खरवडून काढत आणि नुसत्या कथलाने पुन्हा झाळत. आतून निघालेला लाल चिकटा ते डब्यात टाकत. मलिकाभाभी डबा देऊन निमूट जात. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आता जेवतात. पण बोलत नाई. त्याच्यापेक्षा तं जळत होते तेच बरं होतं."

जळणं थांबलं नव्हतं. एके दिवशी मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "तिची बसवली का?"

"बसवली."

"भरली?"

"अजून नाही."

"हं," ते म्हणाले. झाळायची इस्त्री तापली होती, तरी त्यांनी ती पुन्हा भट्टीत घातली.

आणि मग रंजीता दुकानात आली. ती पहिल्यांदाच येत होती. मी बाकावर होतो. नूरभाऊंनी पाहिलं आणि काम चालूच ठेवलं.

"चाचा, माही टाकी तपासाले चला."

"तुही तं नागपूरची आहे. तिले काय तपासाचं?"

"मीच केली. मीच तपासली तं मले सगळं चांगलंच दिसते. अन् मामाले तं माहं सगळंच चांगलं दिसते."

"मंग?"

"ती गळावी असं ज्याले मनापासून वाटते, असा माणूस पाहिजे."

नूरभाऊंनी इस्त्री खाली ठेवली. मी बाकावरून उठलो. का उठलो ते माहीत नाही.

"मी जळतो म्हून सांगून राह्यली का तू मले? माह्या दुकानात येऊन?"

"हो," ती म्हणाली. तिचा आवाज थोडा कापला. पण ती म्हणाली.

नूरभाऊ तिच्याकडे पाहत राहिले.

"जळतो," ते म्हणाले. "मोठा जळतो. खुदाची कसम, गळावी असं वाटते. साऱ्या गावासमोर गळावी. गोप्याच्या टकल्यावर गळावी."

"मंग चला. अन् कुलूप घ्या सोबत."

मी थक्क झालो. हे माणसं आयुष्यभर लपवतात. नूरभाऊंनी ते असं सांगितलं जसा एखाद्या कामाचा भाव सांगावा. आणि तिने ते तसंच घेतलं. त्यांनी खुंटीवरचं कुलूप काढलं, हात पुसले आणि मला म्हणाले, "एमे, दुकानातले खडू घे. पांढरे."

माझ्याकडे शाळेच्या मुलांसाठी खडू असतात. मी सगळे घेतले.

खडू वाटून, पाण्यात कालवून नूरभाऊंनी तो टाकीच्या प्रत्येक सांध्यावर सारवला. तो वाळून पांढरा झाला. आत पेट्रोल भरलं. कुठे केसाएवढी फट असली तरी तिथला खडू भिजून डाग दिसला असता. शेडला कुलूप लागलं. या वेळी फटीतून पाहायला मला त्यांनी नेलं नाही. एकटेच जात.

बाजाराच्या दिवशी सकाळीच आम्ही जमलो. गावातली चार माणसंही आली होती. विमान खळ्यावर आलं. नूरभाऊ टॉर्च घेऊन शिडीवर चढले.

एवढं मन लावून कुणी काही शोधताना मी पाहिलं नाही. त्यांनी प्रत्येक सांध्यावर टॉर्च धरला. एकदा उजेडात, एकदा सावली करून. मग गोपालला पंख हलवायला सांगितला.

"जोरात."

गोपालने जोरात हलवला.

"तिकडचा."

तिकडचाही हलवला. मागचं चाक खड्ड्यातून काढायला लावलं, पुन्हा उतरवायला लावलं. रंजीता हाताची घडी घालून उभी होती. तिची नखं दंडात रुतली होती. कॉक उघडल्यावर डबा नूरभाऊंनी स्वतः धरला. धार जाड आली. जाडच राहिली. डबा भरला, दुसरा लावला, तोही भरला. नूरभाऊंनी गाळणी सोडवली आणि उन्हासमोर धरली. जाळीतून ऊन सरळ आरपार येत होतं. त्यांनी ती उलटी करून पाहिली. नाकाला लावली. जिभेला लावली आणि थुंकले.

"झालं का बे?" गोपाल म्हणाला.

"थांब."

ते पुन्हा शिडीवर गेले. ऊन वर आलं. बघ्यांपैकी दोघं कंटाळून बाजाराला निघून गेले. शेवटी नूरभाऊ खाली उतरले. घरात कुणी आजारी असल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"नाई सापडली," ते म्हणाले.

रंजीताने श्वास सोडला. गोपाल विमानात चढला आणि सीटवर बसला. त्या दिवशी टाकीखाली तो पहिल्यांदाच बसत होता.

"लावा नळी," तो म्हणाला. "आता मले डर नाई. तुह्यासारख्या जळक्याले गळती नाई सापडली, म्हंजे नाईच."

"जळक्या कोणाले म्हणतं बे?"

"तुले."

"उतर खाली."

"काऊन?"

"मागचा एक कोपरा राह्यला. उतर."

गोपाल उतरला. नूरभाऊ तिसऱ्यांदा शिडीवर चढले आणि मागचा कोपरा पाहिला. तोही कोरडा होता. मग त्यांनी स्वतःच नळी इंजिनाला जोडली, ओढून पाहिली आणि गोपालला मान हलवून बस म्हणाले.

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. नाकावरचा पंखा फिरून दिसेनासा झाला. खळ्यावर उरलेला कोंडा आणि तणस उडून आमच्या तोंडावर आलं. चाकांना मोठाले दगड लावले होते, तरी विमान थरथरत पुढे रेटत होतं. आवाज ऐकून पळत आलेली पोरं ओरडत होती. रंजीता रडत होती की डोळ्यांत कोंडा गेला होता, मला कळलं नाही. सगळे पंख्याकडे पाहत होते. नूरभाऊ वाळूची बादली दोन्ही हातांत धरून उभे होते आणि टाकीकडे पाहत होते. पूर्ण वेळ. डोळे बारीक करून.

गोपालने इंजिन बंद केलं. कान सुन्न झाले होते. तो वरून ओरडला, "नूर! काय म्हणतं?"

नूरभाऊंनी बादली खाली ठेवली. टाकीखाली जाऊन वर पाहिलं. मग रंजीताकडे वळले.

"आज नाई गळली," ते तिला म्हणाले. "चंद्रपूरचा उन्हाळा येऊ दे. मंग पाहू."